परीक्षकांनो, सोवळं सोडा आणि हिशेब मागा

साहित्य आणि कला पुरस्कारांचे परीक्षक, निवड समित्यांचे सदस्य आणि संपादक मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र बाहेरून दगड मारणाऱ्याचं नाही. मी तुमच्यातलीच. आयुष्याची बरीच वर्षं दुसऱ्यांच्या संहिता वाचण्यात, त्यांतल्या वेलांट्या सरळ करण्यात आणि मग कुठल्या तरी समितीत बसून त्यांना गुण देण्यात गेली. त्यामुळे पुढे जे कडू लिहीन, त्यातला एक वाटा आधीच माझ्या नावावर मांडून ठेवते.

गेल्या वर्षीची एक दुपार सांगते. कथास्पर्धेची शेवटची फेरी. आम्ही चौघं, समोर अकरा कथा, नावं झाकलेली, प्रत्येकीवर फक्त क्रमांक. सात नंबरची कथा कोर्टात टायपिस्ट असलेल्या एका बाईची होती. सख्ख्या भावावर खटला उभा आहे आणि साक्षीदाराचा जबाब टाइप करायचं काम ऐनवेळी तिच्याकडेच आलंय. आडनाव लग्नानंतरचं, त्यामुळे नातं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर भाऊ सुटू शकतो. ती तो शब्द बदलते की नाही, हे कथा सांगतच नाही. शेवटी ती मशीनमधून कागद ओढून काढते आणि प्रतींच्या कडा जुळवत बसते, बस्स. एका सदस्यांनी ते शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. आमच्यात जे सर्वांत ज्येष्ठ, ज्यांचा शब्द आम्ही कुणी खाली पडू देत नाही, त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

मग तिसरे सदस्य म्हणाले, "भाषा फारच स्वच्छ आहे हो. एवढ्या पानांत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. हल्ली असं कोण लिहितं? मला तर हे एआयचं काम वाटतंय."

आणि ज्येष्ठ सदस्य, चष्मा अजून हातातच, म्हणाले, "तरीच! मला पहिल्या परिच्छेदापासून वाटत होतं, यात जीव नाही."

डोळे पुसणं आणि ही "तरीच!" यांच्यात फार तर तीन मिनिटं गेली असतील. कथेतला एक काना बदलला नव्हता.

कुणीतरी कथेचा मजकूर एआय ओळखणाऱ्या एका ऑनलाइन तपासणीत टाकला. आकडा मोठा आला. सात नंबर बाजूला गेला. नावाचं पाकीट उघडून लिहिणाऱ्याला विचारावं, असं कुणाला वाटलं नाही. मी म्हणाले, "एकदा विचारून तर बघू," पण अशा आवाजात, की इतिवृत्तात त्याची नोंद होऊ नये. झालीही नाही.

त्याच टेबलावर त्याच दुपारी दुसरा विषय होता जीवनगौरवाचा. एका ज्येष्ठ कवींचं नाव ठरत आलं होतं. त्यांच्या वागणुकीबद्दल दोन तरुण कवयित्रींनी समितीला लेखी कळवलेलं होतं, तेही सही करून, तारखा देऊन. त्यावर आम्ही काय म्हणालो? "कविता वेगळी, माणूस वेगळा. आपण कवितेचा सन्मान करतोय." पत्र फाइलला लागलं.

म्हणजे एका ठिकाणी कुणी केलं याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी कुणी केलं याच्या नुसत्या संशयावर अख्खी कथा मेलेली. एकाच दुपारी, त्याच चार माणसांच्या तोंडून. घरी गेल्यावर मला हे उमगलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. वादग्रस्त कलावंतांशी आपण जसं वागत आलो, नेमकं तसंच आता एआयशी वागतोय. आणि दोन्हीकडे चुकतोय, त्याच जागी.

आपल्या भाषेत या प्रकाराला नेमका शब्द आहे: विटाळ. विटाळाची गंमत अशी, की तो वस्तूत कुठे सापडत नाही. पाणी तेच, भांडं तेच. कुणाचा हात लागला हे कळेपर्यंत ते शुद्धच असतं, आणि कळलं की त्या क्षणापासून अशुद्ध. पाण्यात काही बदललेलं नसतं, आपल्या माहितीत बदललेलं असतं. पण कबूल करताना आपण म्हणतो, पाणीच बाटलं. माझ्या ज्येष्ठ स्नेह्यांनी तेच केलं. "मला फसवलं गेल्यासारखं वाटतंय," असं ते म्हणाले असते तर मी गप्प बसले असते, कारण तसं वाटणं खरं असू शकतं. ते म्हणाले, "यात जीव नाही." तीन मिनिटांपूर्वी होता ना?

हे कोडं यंत्रासोबत आलेलं नाही. १९३७ साली 'एमाउसचं भोजन' नावाचं एक चित्र उजेडात आलं. अब्राहम ब्रेडियस हे सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरच्या चित्रांचे तेव्हाचे मोठे जाणकार. त्यांनी ते पाहिलं आणि व्हर्मीरच्या सर्वोत्तम कामांत त्याची गणना केली. रॉटरडॅमच्या संग्रहालयानं ते घेतलं, लोक बघायला लोटले. १९४५ मध्ये हान फान मेगरेन नावाच्या चित्रकाराला अटक झाली, कारण त्यानं विकलेला एक 'व्हर्मीर' नाझी नेता गोरिंगच्या संग्रहात सापडला. राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकला, असा आरोप. जीव वाचवायला त्यानं सांगून टाकलं, की ते चित्र माझंच आहे, आणि एमाउसवालंही माझंच. कुणाचा विश्वास बसेना. शेवटी साक्षीदारांदेखत त्यानं आणखी एक 'व्हर्मीर' काढून दाखवला. १९४७ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. ते चित्र आज बघताना जाणकारांना त्यातले चेहरे जडावलेले, पापण्या सुजलेल्या, काळ सरळसरळ विसाव्या शतकाचा दिसतो. तेव्हा दिसला नव्हता. आणि आज दिसतो तो तरी चित्रामुळे की माहितीमुळे, हे प्रामाणिकपणे सांगणं अवघड आहे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मूळ कुणाचं याला काही किंमतच नाही का? आहे. आईचं म्हणून जपून ठेवलेलं पत्र तिनं दुसऱ्याकडून लिहवून घेतलं होतं, असं कळलं तर मला लागेल, आणि लागायलाच हवं. वाचताना आपण नुसते शब्द वाचत नाही, त्यामागचं माणूसही वाचतो. माझं म्हणणं एवढंच, की लागलं असेल तर लागलं म्हणा. दुखावल्याचा दाखला म्हणून पत्रातल्या भाषेला मेलेली ठरवू नका. त्या दोन गोष्टींचे गुण वेगवेगळ्या रकान्यांत टाकायचे असतात. आपण मात्र रकानाच एक ठेवलाय.

या गोंधळाचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका नमुना म्हणजे फ्रेंच कवी शार्ल बोदलेअर. तुम्ही त्याला वाचलेलं आहेच. १८५७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या कोर्टात त्याच्या कवितासंग्रहावर सार्वजनिक नीतिमत्तेला धक्का लावल्याचा खटला चालला. सरकारी वकील एर्नेस्त पिनार. याच गृहस्थांनी त्याच वर्षाच्या सुरुवातीला कादंबरीकार फ्लोबेअरवरही असाच खटला चालवला होता. फ्लोबेअर सुटला, बोदलेअरला तीनशे फ्रँक दंड झाला आणि सहा कविता संग्रहातून काढून टाकायचा हुकूम झाला. दंड पुढे कमी केला गेला. कवितांवरचा शिक्का मात्र निघाला १९४९ मध्ये, कवी जाऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाल्यावर. समाजानं अंगावर घेतलेल्या वादग्रस्त कलावंतांची यादी केली तर हा माणूस पहिल्या पानावर येईल.

आणि खटल्यानंतर दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, पॅरिसच्या वार्षिक चित्रप्रदर्शनावर लिहिताना हाच माणूस फोटोग्राफीवर तुटून पडला. ज्यांना चित्रकला जमली नाही, जे आळशी आहेत किंवा ज्यांच्यात गुण कमी, त्या साऱ्यांचा हा आसरा आहे, असं त्यानं लिहिलं. कलेची कट्टर वैरीण म्हटलं. तिनं आपली खरी जागा ओळखावी, विज्ञानाची आणि कलांची नम्र दासी व्हावं, छपाई आणि लघुलिपीसारखं. त्यांनी कुठे साहित्य निर्माण केलं?

शब्दागणिक ओळखीचं वाटतं ना? गेल्या दोन वर्षांत हीच वाक्यं मी किमान पाच चर्चासत्रांत ऐकली आहेत, फक्त कॅमेऱ्याच्या जागी एआय. एकदा तर मीच म्हटली आहेत, व्यासपीठावरून, टाळ्या घेऊन.

ज्याला कोर्टानं बाटलेला ठरवलं, त्यालाही दोन वर्षांत दुसऱ्याला बाटलेलं ठरवायची घाई झाली. मला यात त्याची थट्टा करायची नाही. त्याची भीती खरी होती. पोटापुरती पोर्ट्रेट काढणाऱ्या अनेक चित्रकारांचा धंदा कॅमेऱ्यानं खरोखरच बसवला. पण त्याच बोदलेअरनं नादार, कार्जा या छायाचित्रकारांसमोर बसून फोटो काढून घेतले. आज त्याचा चेहरा म्हणून आपल्या डोळ्यांसमोर येतो तो त्या फोटोंतलाच, ते रोखून बघणारे डोळे. १८६५ मध्ये आईला पत्र लिहून त्यानं तिचाही फोटो मागितला. हवा होता मात्र चित्रासारखा मऊ. जाहीर सोवळं आणि घरात गरज, ही जोडीही जुनीच आहे.

जुनी म्हणून ती सुटलेली नाही. आमच्या त्या बैठकीत संशय घेणाऱ्या सदस्यांच्या टिपणांची एक प्रत माझ्यासमोर आली होती. अकरा कथांचे अकरा सारांश, सगळे एकाच उंचीचे, शाळेच्या कवायतीत उभे केल्यासारखे, आणि अकरापैकी नऊंच्या शेवटी "एकूणच ही कथा मानवी नात्यांच्या गुंतागुंतीचा वेध घेते." मी काही विचारलं नाही. हस्ताक्षर ओळखीचं वाटलं, एवढंच.

विटाळाचं दुसरं लक्षण तुम्हाला सांगायला नको: तो माणूस बघून लागतो. मोठ्यांचा चार थेंबांत धुऊन जातो, लहानांचा पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.

रोमान पोलान्स्की यांनी १९७७ मध्ये अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा कबूल केला आणि शिक्षा सुनावली जाण्याआधी, १९७८ मध्ये, अमेरिका सोडली. २००३ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. सभागृहात कितीतरी जण उभे राहून टाळ्या वाजवत होते. २०१८ मध्ये ऑस्कर देणाऱ्या त्याच अकादमीनं त्यांना सदस्यत्वावरून काढलं. या सगळ्या काळात गुन्ह्याची कबुली जागच्या जागी होती. बदललं ते बाहेरचं वारं. २००३ चा निर्णय बरोबर की २०१८ चा, यावर वाद घाला. पण परीक्षक म्हणून मला टोचतं ते हे, की दोन्ही वेळा संस्थेनं आधी वारं पाहिलं आणि मग तत्त्व शोधलं.

एआयच्या बाबतीत हेच सुरू झालंय. जानेवारी २०२४ मध्ये जपानी लेखिका री कुदान यांना अकुतागावा हे साहित्य पारितोषिक मिळालं. पुस्तकातला साधारण पाच टक्के मजकूर चॅटजीपीटीनं दिलेला, जसाच्या तसा आहे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. गदारोळ झाला, पारितोषिक राहिलं. ते राहिलं ते योग्यच, असं माझं मत. कादंबरीतच एआय बोलतं, तिथे तो मजकूर आहे, आणि बाईंनी लपवलं नाही. पण हेच पाच टक्के एखाद्या नवख्या मुलीनं आपल्या स्पर्धेत कबूल केले असते तर? "प्रयोग" हा शब्द आपण तिच्यासाठी वापरला असता का? मला शंका आहे.

फोटोवाल्यांकडे तर दोन्ही बाजूंनी नाक कापून झालंय. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेत एआयनं बनवलेली प्रतिमा मुद्दाम पाठवली, ती निवडली गेली आणि त्यांनी पारितोषिक नाकारलं. पुढच्या वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी उलटं केलं. दुसऱ्या एका स्पर्धेच्या एआय विभागात त्यांनी स्वतः कॅमेऱ्यानं टिपलेला फ्लेमिंगो पाठवला. पक्षी पोट खाजवण्यात मग्न, मान अशी वळलेली की डोकंच नाही असं वाटावं. परीक्षकांनी बक्षीस दिलं, लोकांनीही मतं दिली. मग कळलं की फोटो खरा आहे, आणि तो बाद झाला. खरा असल्याबद्दल बाद! नियमाप्रमाणे बरोबरच. पण त्या परीक्षकांपैकी कुणी "तरीच, यात फारच जीव होता" असं म्हणालं असेल का, याची मला फार उत्सुकता आहे.

डोळ्यांना कळत नाही म्हणून आपण चाळण्या आणल्या. या चाळण्यांबद्दल एकच सांगते. जानेवारी २०२३ मध्ये खुद्द ओपनएआयनं, म्हणजे चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीनं, यंत्राचा मजकूर ओळखणारं साधन काढलं. त्यांच्याच चाचणीत ते इंग्रजी मजकुरावर यंत्रानं लिहिलेल्यांपैकी २६ टक्के ओळखत होतं आणि माणसांनी लिहिलेल्यांपैकी ९ टक्के यंत्राच्या नावावर टाकत होतं. जुलैमध्ये त्यांनी ते अचूकता कमी म्हणून बंद केलं. बनवणाऱ्यांनाच जे जमेना त्याच्या आकड्यावर आम्ही एक मराठी कथा बाद केली. वर म्हणालो, यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही.

इथवर दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात. पुढे त्यांची वाट फुटते, आणि ती लपवली तर हे पत्रही अर्धं खोटं होईल.

इटालियन चित्रकार कॅरावाज्जोनं १६०६ मध्ये रोममध्ये एका माणसाचा खून केला आणि पळाला. पळत असतानाही नेपल्स, माल्टा, सिसिली इथे चर्चची कामं त्याला मिळत राहिली. त्या माणसाचं रक्त कॅरावाज्जोच्या हाताला होतं, रंगात नव्हतं. त्यामुळे चित्रासमोर उभं राहून "हे आणि ते वेगळं" म्हणायला निदान जागा आहे. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँच्या ताहितीच्या चित्रांसमोर ती जागा कमी होते, कारण ज्या कोवळ्या मुलींना त्यानं बायको म्हणून ठेवलं, त्याच समोर कॅनव्हासवर बसलेल्या आहेत. अन्याय चित्राच्या आत आलेला आहे.

एआय गोगँच्याही पुढे जातं. ज्यांची पुस्तकं, चित्रं, गाणी न विचारता उचलली गेली, त्यांच्या कामावाचून यंत्राचा रंगच तयार होत नाही. ही कुणाच्या खासगी आयुष्यातली भानगड नाही, हा कच्च्या मालाचा प्रश्न आहे. आणि कच्च्या मालाचा हिशेब मागता येतो. अमेरिकेत लेखकांनी अँथ्रॉपिक या एआय कंपनीवर दावा लावला. जून २०२५ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, की पुस्तकांवरून यंत्राला शिकवणं हा तिथल्या कायद्यानं रास्त वापर ठरतो, पण चोरीच्या प्रती उतरवून त्यांचं ग्रंथालय करणं ठरत नाही. त्यानंतर कंपनीनं १५० कोटी डॉलरांची तडजोड मान्य केली; सुमारे पाच लाख पुस्तकं, एका पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. हे पुरेसं की नाही, यावर लेखकांतच दुमत आहे. पण बघा, तिथे कुणी यंत्रात आत्मा आहे का, असं विचारत बसलं नाही. कुठून आणलं, किती आणलं, कुणाचं होतं, हे विचारलं आणि पैसे बाहेर आले.

दुसरा फरक याहून मोठा वाटतो मला. वादग्रस्त कलावंत, कसाही असो, माणूस असतो. त्याला समोर बोलावता येतं. तो खोटं बोलू शकतो, माफी मागू शकतो, तुरुंगात जाऊ शकतो, बदलूही शकतो. यंत्राला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्यावर चिडणं म्हणजे ठेच लागली म्हणून दगडाला लाथ मारणं. दगड तिथे कुणी आणून टाकला, ते राहतंच. आपण "एआयनं साहित्य बुडवलं" म्हणतो तेव्हा चालवणाऱ्या कंपन्या, स्वस्तात मजकूर मागणारे प्रकाशक, भाषांतरकाराचा दर अर्धा करून "फक्त तपासून द्या" म्हणणारे संपादक, सगळे हळूच पडद्यामागे जातात. माझ्या ओळखीचे चार भाषांतरकार आज हेच तपासणीचं काम करतात. त्यांना यंत्रानं काढलेलं नाही. फोन माणसानंच केला होता.

मग करायचं काय? "सगळ्यांनाच घ्या" असं मी म्हणणार नाही. फक्त एआयचा वेगळा विभाग काढून हात झटकणंही मला पटत नाही. फ्लेमिंगोनं त्याचं काय केलं ते पाहिलंच.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत २०१९ मध्ये गोगँच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यानं लहान वयाच्या मुलींशी वारंवार संबंध ठेवले, हे भिंतीवरच्या पाटीवर सरळ लिहिलेलं होतं. चित्र उतरवलं नाही, आणि "कला वेगळी" म्हणून झाकलंही नाही. बघणाऱ्याला दोन्ही दिलं. अशी पाटी लिहायला कष्ट पडतात. बहिष्काराला पडत नाहीत, गौरवाला तर मुळीच नाहीत. मला आपल्या पुस्तकांवर, पारितोषिकांवर, प्रदर्शनांत अशा पाट्या हव्या आहेत: यंत्र कुठे वापरलं, कशासाठी वापरलं, कोणतं वापरलं. "माझी भाषा तपासून घेतली" आणि "अर्धं प्रकरण लिहवून घेतलं" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि आपला अर्ज मात्र "एआय वापरलं: हो/नाही" एवढंच विचारतो. परीक्षकांनीही तीच पाटी लावावी, आणि जीवनगौरवाच्या मानपत्रालाही ती लागू असावी. तिथे काय लिहायचं, ते त्या दोन कवयित्रींच्या पत्राची चौकशी करून मग ठरवा. चौकशीच करायची नसेल तर निदान "कविता वेगळी" म्हणू नका. "आम्हाला धीर झाला नाही" म्हणा.

२००१ मध्ये जेरुसलेममध्ये वाद्यवृंद-संचालक डॅनियल बॅरेनबॉइम यांनी जे केलं, त्याची मला नेहमी आठवण येते. जर्मन संगीतकार वाग्नर स्वतः ज्यूद्वेष्टा, त्याचं संगीत नाझींनी डोक्यावर घेतलेलं. म्हणून १९३८ पासून तिथल्या बहुतेक वाद्यवृंदांनी ते वाजवणं टाळलेलं होतं. ठरलेला कार्यक्रम संपल्यावर बॅरेनबॉइम श्रोत्यांकडे वळले आणि म्हणाले, वाग्नर वाजवू का? ज्यांना ऐकायचं नाही ते जाऊ शकतात. अर्धा तास सभागृहात वाद चालला. काही जण ओरडत, दारं आपटत गेले. बरेच बसून राहिले. मग वाद्यवृंदानं वाजवलं. पुढे त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. बरोबर केलं की चूक, मी ठरवू शकत नाही. छळछावणीतून वाचलेल्या माणसाला "संगीत वेगळं" हे ऐकवायचा अधिकार मला नाही. पण त्या अर्ध्या तासात कुणाला फसवलेलं नव्हतं. ज्यांना दुखत होतं त्यांना बोलायला मिळालं, जायला दार होतं. आपल्या बैठकीत असा अर्धा तास एकदाही झालेला नाही.

आता सात नंबरबद्दल. निकालानंतर पाकिटं उघडली तेव्हा मी ते मागून घेतलं आणि त्या पत्त्यावर एक चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं. कथा लिहिणाऱ्या बाई बावीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या. "माझ्या कामात चूक करायची सवलत नव्हती," एवढंच त्यांनी शुद्धलेखनाबद्दल लिहिलंय. राग नाही, तक्रार नाही, त्यानं मला जास्त मेल्यासारखं झालं. सोबत वहीच्या पानांचे फोटो आहेत. कथेला आधी तीन शेवट होते. पहिल्यात ती शब्द बदलते आणि भाऊ सुटतो. दुसऱ्यात बदलत नाही. तिसऱ्यात बदलते आणि न्यायाधीशांच्या लक्षात येतं. तिन्ही आडव्या रेघा मारून खोडलेले, एक तर इतक्या जोरात की कागद फाटलाय. चौथ्या पानावर कागदाच्या कडा जुळवणं आहे, आणि समासात बारीक अक्षरात: "काय केलं ते मलाही नको सांगूस."

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिला विषय म्हणून मी सात नंबर घालायला सांगितलंय, दुसरा म्हणून कवयित्रींचं पत्र. वहीच्या पानांच्या प्रती मी आणीन. बाईंनी परवानगी दिली आहे. ज्येष्ठ सदस्यांना एक विनंती. चष्मा असू द्या, समासातलं अक्षर फार बारीक आहे.

आपली,
समितीतली चौथी खुर्ची